पहिल्या मणक्यावरचं वर्तुळ

मोरीत पाय घसरून आजीबाईंचा खुबा मोडला की पुढची धावपळ ठरलेली: अ‍ॅम्ब्युलन्स, एक्स-रे, ऑपरेशन, वॉकर. रॉड बसतो किंवा अर्धा सांधा बदलतो, टाके निघतात आणि फाइल कपाटात जाते. नुसतं पडल्याने मोडावं इतकं हाड ठिसूळ कधी झालं, हे विचारायचं मात्र राहून जातं. त्यासाठी डेक्सा ही वेगळी तपासणी लागते, आणि ताज्या मोडलेल्या खुब्याच्या माणसाला आणखी एका टेबलावर झोपवणं सोपं नसतं. पण यातल्या अनेकांचा सीटी स्कॅन कधी मुतखड्यासाठी, कधी छातीच्या संसर्गासाठी, तर कधी पडल्यावरच्या तपासणीत झालेला असतो. हाडाचा हिशेब त्यातच असतो.

सीटीचं चित्र म्हणजे मुळात आकड्यांचा तक्ता. ब्रिटिश इंजिनिअर गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रातून 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला, आणि आकड्यांच्या मोजपट्टीला पुढे त्यांचंच नाव मिळालं. पाणी शून्य, हवा उणे 1000, चरबी साधारण उणे 100. मणक्याच्या पोटातलं जाळीदार हाड तरुणपणी 200 च्या आसपास किंवा वर असतं. वय वाढतं तशी जाळी विरळ होते, त्या जागी मज्जेतली चरबी शिरते आणि आकडा घसरतो.

मोजायला फार वेळ लागत नाही. कमरेचा पहिला मणका आडव्या छेदात शोधायचा, त्याच्या पुढच्या भागातल्या जाळीदार हाडावर माउसने एक लंबवर्तुळ काढायचं. बाहेरचं कडक कवच आणि मागच्या बाजूची शीर त्यात येऊ द्यायची नाही. कोपऱ्यात सरासरी उमटते. हाच मणका निवडण्याचं कारण व्यवहारी: तो पोटाच्या आणि बहुतेक वेळा छातीच्या सीटीतही सापडतो.

या साध्या वर्तुळाला वजन दिलं ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या पेरी पिकहार्ट आणि सहकाऱ्यांनी. 2013 मध्ये त्यांनी सीटी आणि डेक्सा दोन्ही झालेल्या 1867 जणांचे आकडे ताडून पाहिले. मणक्याचा आकडा 160 च्या खाली ही सीमा धरली तर ठिसूळपणाचे, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसचे, बहुतेक रुग्ण सापडतात. 110 च्या खाली गेल्यास निदान बऱ्यापैकी पक्कं. खरा धक्का पुढे होता. ज्या 119 जणांचा मणका मध्यम किंवा जास्त प्रमाणात दबलेला होता, त्यांतल्या 62 जणांना डेक्साने ‘ऑस्टिओपोरोसिस नाही’ असं सांगितलं होतं! डेक्सा सपाट सावली मोजते. म्हातारपणी मणक्याला फुटलेले काटे आणि महाधमनीत साचलेलं कॅल्शियम तिच्या खात्यात हाड म्हणूनच जमा होतं.

म्हणून उठसूट सीटी काढावा असं नव्हे. पोटाच्या सीटीचं रेडिएशन डेक्साच्या कित्येक पट असतं. मुद्दा आधीच काढलेला स्कॅन वाया न घालवण्याचा आहे. आकडाही डोळे झाकून घ्यायचा नाही. शिरेतून कॉन्ट्रास्ट दिला असेल तर तो फुगतो, यंत्राचं व्होल्टेज बदललं की सरकतो. मोडलेला मणका दबून घट्ट होतो, त्यावर वर्तुळ काढलं तर हाड मजबूत दिसतं. मग शेजारचा धडधाकट मणका घ्यायचा. आणि फक्त खुब्याचा सीटी असेल तर हा मणका त्यात येतच नाही. तिथे खास सॉफ्टवेअर लागतं, ते दुसऱ्या, न मोडलेल्या बाजूच्या खुब्याची घनता काढून देतं.

मणक्याचे सर्जन हा आकडा स्वतःच्या गरजेपोटी बघतात, कारण विरळ हाडात स्क्रू ढिले पडतात. इतरांकडे तो पोचायचा तर रेडिऑलॉजिस्टने रिपोर्टात एक ओळ लिहायला हवी, आणि ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी ती वाचायला. पुढचे उपाय हाताशी आहेत. खुब्याच्या ऑपरेशननंतर 90 दिवसांच्या आत झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं वर्षाला एक इंजेक्शन सुरू केलेल्या रुग्णांत नवी फ्रॅक्चर 35 टक्क्यांनी कमी झाली, असं 2007 च्या मोठ्या चाचणीत दिसलं. ते देण्याआधी क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तेवढं तपासून घ्यावं लागतं.