पेंटरला बोलवा

बाबूराव पेंटर यांचे मूळ आडनाव मेस्त्री. कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगवता रंगवता धंदाच आडनाव होऊन बसला. त्यांची कीर्ती चित्रपटामुळे दूरवर पोचली, पण धंद्याचे आडनाव होणे महाराष्ट्राच्या गावोगावी घडले. ‘पेंटरला बोलवा’ म्हटले की कोणाला, हे विचारावे लागत नसे.

बदलापूर पश्चिमेच्या बेलवलीसारख्या वस्तीत पाट्या रंगवणाऱ्या अशा पेंटरला काम कमी नव्हते. 1992 साली कुळगाव-बदलापूर नगरपरिषद झाली आणि 2011च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात गेली. चाळीच्या जागी इमारत उभी राहिली की तिला नाव हवे, खाली किराणा आला की त्याला पाटी हवी. मग दवाखाना, शिकवणी, पोळीभाजी केंद्र.

ती पाटी होई कशी? चौकटीवर पत्रा ठोकायचा, त्यावर रेड ऑक्साइडचा हात, मग ऑइलपेंटचे दोन हात. वाळल्यावर खडूची पूड लावलेला दोरा ताणून टिचकी मारायची. सरळ रेघ उमटते. त्या रेघेवर शिरोरेषा. खरी परीक्षा पुढे असते. ‘गरम वडा’ सपाट बसतो, पण ‘सर्व्हिसिंग’मध्ये रफार, वेलांट्या आणि अनुस्वार वर गर्दी करतात, ‘कुळगाव’चा उकार खाली उतरतो. वर-खाली किती जागा सोडायची, हे ब्रश उचलण्याआधी ठरवावे लागते. ओल्या रंगाला मनगट लागू नये म्हणून टोकाला चिंधी गुंडाळलेल्या काठीवर हात टेकवतात. उजेड डावीकडून आला असे धरून अक्षराच्या उजव्या अंगाला सावली देतात, की अक्षर पत्र्यातून उठून दिसते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांनी चित्रकलेची गोडी लावली असेल. पाटीची अक्षरे मात्र उस्तादाच्या हाताखाली डबे धूतच शिकायची.

या हुन्नराचा दुसरा अर्धा भाग बिलात येत नाही. मंडळाच्या देखाव्याचा पडदा, रक्तदान शिबिराचा कापडी फलक, चौकातल्या फळ्यावरची निधनवार्ता: यांचे फक्त रंगाचे पैसे घ्यायचे, किंवा तेही नाही. मला हे दानापेक्षा मोठे वाटते. वर्गणी देणारा वर्षातून एकदा देतो. पेंटरला रात्री अकराला हाक मारली तरी तो डबा घेऊन येतो, कारण मयत सकाळी सातला निघणार असते.

अशी हाक पुरातही येते. उल्हास नदी या भागाची परीक्षा घेतच आली आहे. 26 जुलै 2005चा पूर अजून सांगितला जातो. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढताना एनडीआरएफ आणि नौदलाबरोबर आसपासचे गावकरीही धावले. अशी धावपळ मंडळांच्या जिवावर चालते, आणि गावातला पेंटर हा मंडळाचा माणूस असतो.

मग फ्लेक्स आला. तासाभरात छापून मिळतो, स्वस्त पडतो. दुकानदाराला दोष देता येणार नाही. पण पेंटर मजकूर लिहिण्याआधी वाचत असे. ‘शुभाशिर्वाद’ आला तर ‘शि’ दीर्घ करून देई, चुकीचे नाव असेल तर घरी जाऊन विचारून येई. फ्लेक्सच्या यंत्राला व्हॉट्सअ‍ॅपवर आले तेच छापायचे असते. म्हणून चौकाचौकांत चुकीची मराठी आज वीतभर अक्षरांत टांगलेली दिसते.

2022च्या कायदादुरुस्तीने दुकानांच्या पाट्यांवर मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत असे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने 2023मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली आणि पाट्यांची घाई उडाली. ती घाई बहुतेक छपाईवाल्यांच्याच पदरात पडली. हातकामाला उरल्या त्या शाळांच्या आणि स्वच्छता मोहिमेच्या भिंती. नगरपरिषदेने निदान त्या भिंती इथल्याच हातांना द्याव्यात, मोबदला रोखीने चुकता करावा, आणि उजव्या कोपऱ्यात पेंटरला आपले नाव लिहू द्यावे.