नावात पाणी, नावात कहाणी

गावाचं नाव पाटीवर वाचून आपण पुढे निघून जातो. पण त्या दोन-चार अक्षरांत कधी कधी अख्खं रान लपलेलं असतं! पटत नाही? मग चला महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला, गोंदिया जिल्ह्यात.

हा झाडीपट्टीचा मुलूख. मोह, तेंदू, धानाची शेतं आणि तलावच तलाव! रानातले गोंड लोक गोंद, म्हणजे डिंक, इथे विकायला आणत, म्हणून गाव झालं गोंदिया, असं सांगतात. आमगाव म्हटलं की आंबा आठवतो, मोरगाव म्हटलं की मोर. अर्जुनी नावाची तर दोन गावं! मग ओळखायची कशी? मोरगावजवळची ती अर्जुनी मोरगाव आणि हमरस्त्यावरची ती सडक अर्जुनी. सुटला की नाही घोळ?

आता पाणी शोधू या. १९७० साली अभयारण्य झालेलं नागझिरा तुम्हांला माहीत असेल. झिरा म्हणजे जमिनीतून पाझरणारं पाणी. त्याच रानाला लागून आहे मंगेझरी, म्हणजे इथे झरी. गाढवी नदीवरच्या धरणाचं नाव इटियाडोह. डोह म्हणजे नदीतलं खोल पाणी. नळ नव्हते, छापील नकाशे नव्हते, तेव्हा वाटसरूला पाण्याचा पत्ता नावच सांगायचं!

काही नावं गोष्ट सांगतात. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. भोवतालच्या सात डोंगरांना म्हणतात सातबहिणी. या बहिणींनीच पाटलांना तलाव बांधायला मदत केली, अशी कथा आहे. नीट विचार करा. डोंगरांच्या मध्ये बांध घालून पाणी अडवलं, म्हणजे डोंगरांनी खरोखरच भिंतीचं काम केलं! कोलू पाटलांना तर लोकांनी देवच मानलं, कोलासुर म्हणून.

सालेकसा तालुक्यात कचारगडच्या मोठ्या गुहा आहेत. गोंड लोक सांगतात, इथे तेहतीस मुलं एका प्रचंड शिळेआड कोंडलेली होती. हिरासुका नावाच्या वादकाने किंगरी वाजवली. त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आलं आणि त्यांनी शिळा ढकलून दिली. पण तिच्याखाली हिरासुकाच सापडला. मुलं सुटली, वादक गेला. सुटलेल्या मुलांना लिंगोने ज्ञान दिलं. आजही माघ पौर्णिमेला दूरदूरच्या राज्यांतून गोंड बांधव इथे जमतात.

त्यांची गोंडी भाषा द्राविडी कुळातली. गोंडीत झाड म्हणजे मरा, तमिळमध्ये मरम. मासा दोन्हींकडे मीनच! गोंडीत गाव म्हणजे नार आणि देव म्हणजे पेन. २०११ च्या जनगणनेत सुमारे तीस लाख लोकांनी आपली मातृभाषा गोंडी असं सांगितलं. शेजारच्या बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी लिपी तयार केली. २०१७ साली तिला संगणकाच्या युनिकोडमध्येही जागा मिळाली.

तरीही काळजी आहे. शाळा मराठीत किंवा हिंदीत, बाजार हिंदीत; मग घरातली गोंडी हळूहळू गप्प होते. भाषा गेली की नावं उरतात, पण मुकी होतात. दूर स्कॉटलंडमध्येही असंच झालं. तिथे गेलिक भाषेत तळ्याला लॉख म्हणतात. 'लॉख नेस' हे नाव जगभर पोचलं, पण गेलिक बोलणारे थोडेच राहिले. आता तिथली मुलं काही शाळांतून ती पुन्हा शिकताहेत.

वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली नवेगावबांधला राहिले, तेव्हा रानातल्या माणसांकडून त्यांनी पाखरांची, झाडांची नावं गोळा केली. २०२५ मध्ये ते गेले, पण ते शब्द त्यांच्या पुस्तकांत जिवंत आहेत.

हे काम तुम्हीही करू शकता! गावातला ओढा, टेकडी, बोडी, जुनं झाड, प्रत्येकाचं नाव आजी-आजोबांना विचारा. ते का पडलं, तेही विचारा आणि वहीत लिहून ठेवा. आणि हो, जाता जाता एक कोडं. सालेकसा, दरेकसा, बोदलकसा ही सगळी गोंदियाचीच नावं. त्यांच्या शेवटी 'कसा' कसा बरं आला? तिकडे कुणी नातेवाईक असतील, तर त्यांना विचारायला विसरू नका!