मुळांना हवा हवी!

दिवाळीच्या भेटींत अलीकडे एक नवी पाहुणी घरोघर येऊ लागली आहे. मिठाईची खोकी आणि सुक्या मेव्याच्या परड्या यांच्या गर्दीत ऑर्किडची एक कुंडी ऐटीत उभी असते. बाकदार दांड्यावर आठ-दहा पांढरी किंवा जांभळी फुले, जणू पतंगांची रांगच! या जातीचे नावच मुळी फॅलेनॉप्सिस, म्हणजे पतंगासारखे दिसणारे. फुले दोन-तीन महिने टिकतात आणि तोवर कौतुकाला खळ नसतो. मग फुले गळतात. कुंडी दिवाणखान्यातून गॅलरीत आणि गॅलरीतून कोपऱ्यात जाते. पुढची दिवाळी यायच्या आत कचऱ्याच्या डब्यात तिचा शेवट होतो. ‘ही परदेशी झाडे, आपल्या हवेत कुठली जगायला!’ असा निकाल देऊन घरातली मंडळी मोकळी होतात.

हा निकाल मला मान्य नाही. माझ्या पूर्वेकडच्या गॅलरीत गेली वीस-बावीस वर्षे ऑर्किड नांदत आहेत. अनुभव असा की, झाड मरते ते बहुधा हवेने नव्हे, तर कुंडीत. आणि कुंडीत मरते ते उपेक्षेपेक्षा मायेनेच अधिक! म्हणून आज फुलांविषयी काही न लिहिता मुळांविषयी लिहिणार आहे.

मातीशी वैर

आपल्याकडे ऑर्किड काही परके नाही. भारतात त्याच्या बाराशेहून अधिक जाती आहेत. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाच्या तोंडावर गेलात, तर जुन्या झाडांच्या फांद्यांवरून गुलाबी-पांढऱ्या फुलांचे घोस लोंबताना दिसतील. ती आपली सीतेची वेणी. आसामात तिलाच कोपौ म्हणतात. तिथल्या मुली बिहूच्या नाचात ती केसांत माळतात, आणि ते त्या राज्याचे राज्यपुष्पही आहे.

फांदीवर वाढते म्हणून पुष्कळजण तिला बांडगूळ समजतात. तो तिच्यावर अन्याय आहे. बांडगूळ दुसऱ्या झाडात मुळे खुपसून त्याचा रस पिते. ऑर्किड फांदीवर नुसते बिऱ्हाड करते आणि आपले पोट आपणच भरते. अशा झाडांना शास्त्रात अपिवनस्पती म्हणतात. फांदीवर माती नसते. सर आली की मुळे चिंब होतात आणि वारा सुटला की तासा-दोन तासांत सुकतात. भिजणे आणि सुकणे हाच त्या मुळांचा श्वासोच्छ्‌वास समजा.

त्यासाठी निसर्गाने त्यांना एक अंगरखाही दिला आहे. मुळाभोवती मृत पेशींचा, स्पंजासारखा एक थर असतो. त्याला वेलामेन म्हणतात. पाऊस पडताच हा थर पाणी टिपून घेतो आणि आतल्या मुळाला सावकाश पुरवतो. कोरडा असताना तो चांदीसारखा पांढुरका दिसतो, भिजला की आतला हिरवा रंग उमटतो. हा रंग ओळखायला शिकलात, की ‘पाणी केव्हा घालू?’ हे कुणाला विचारायला नको. मुळे पांढुरकी झाली की पाणी घालावे. हिरवी आहेत तोवर हात आवरावा.

आता हेच मूळ बागेतल्या मातीत दाबून बसवले आणि रोज पाणी घातले तर काय होईल? हवा कोंडते, वेलामेन सदा ओला राहतो आणि कुजतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातल्या श्रीमंत शौकिनांनी नेमका असाच प्रकार केला. उष्ण देशांतली झाडे म्हणून त्यांना काचेच्या कोंदट, वाफाळ घरांत डांबले. झाडे हजारोंनी मेली. पुढे १८३० नंतरच्या दशकात चॅट्सवर्थच्या बागेत जोसेफ पॅक्स्टनने काचघरात वारा खेळता ठेवला, आणि तीच झाडे फुलू लागली.

कुंडी केव्हा बदलावी?

दर दोन वर्षांनी बदलावी, असा ढोबळ नियम आहे. झाडाची साल असो की नारळाचे सोडण, दोन वर्षांत ते कुजून भुसा होते आणि मुळांभोवतीच्या मोकळ्या जागा बुजतात. पण पंचांगापेक्षा झाडाकडे पाहावे. फुले गळून गेली आहेत आणि बुंध्याशी नव्या मुळांची हिरवी टोके डोकावत आहेत, हा खरा मुहूर्त. नवे मूळ नव्या घरात रुजते; जुने मूळ जागा बदलली की रुसते. आपल्याकडे हा काळ बहुधा फेब्रुवारीअखेरपासून पावसाच्या सुरुवातीपर्यंत येतो. ऐन थंडीत झाड निजलेले असते, तेव्हा त्याला उठवू नये.

दिवाळीत आलेली कुंडी मात्र फुले असेपर्यंत हलवू नका. अपवाद एकच. मुळे कुजल्याचा वास येत असेल, तर फुलांचा मोह सोडून ताबडतोब कामाला लागावे.

साहित्य आणि कृती

साहित्य साधेच आहे. नारळाच्या सोडणाचे अर्ध्या-पाऊण इंचाचे तुकडे, तेवढाच लाकडी कोळसा आणि तळाला घालायला कौलाच्या खापऱ्या. सोडण दोन-तीन दिवस पाण्यात भिजत घालून रोज पाणी बदलावे, म्हणजे त्यातला क्षार आणि तपकिरी रंग उतरतो. माती चिमूटभरही नको. कुंडी मातीची, तळाला आणि बाजूंना भोके असलेली घ्यावी; कुंभाराला सांगितले तर करून देतो. मुळे मावतील एवढीच ती असावी. मोठ्या कुंडीचा मधला भाग वाळतच नाही, आणि कूज तिथूनच सुरू होते.

झाड कुंडीसह अर्धा तास पाण्यात ठेवावे. भिजलेली मुळे लवचीक होतात, मोडत नाहीत. मग कुंडी उलटी करून झाड अलगद सोडवावे. रोपवाटिकेतून आलेल्या झाडाच्या गाभ्यात शेवाळाचा एक घट्ट गोळा सापडतो. वरचे सगळे सुकले तरी तो आत ओलाच राहतो. तो बोटांनी मोकळा करून काढून टाकावा.

मग एकेक मूळ चिमटीत धरून पाहावे. टणक लागले तर जिवंत, मग रंग कोणताही असो. पोकळ, पिचपिचीत लागले किंवा साल निघून आत नुसता दोरा उरला, तर मेलेले. मेलेले तेवढेच कापावे. कात्री दर झाडागणिक ज्योतीवर धरून शुद्ध करावी, कारण ऑर्किडचे विषाणुरोग कात्रीवरूनच एका झाडाचे दुसऱ्याला जातात. कापलेल्या टोकाला दालचिनीची पूड लावावी, पण धड मुळांवर ती सांडू देऊ नये. ती मुळे सुकवते. झाड दिवसभर सावलीत तसेच ठेवून जखमा सुकू द्याव्यात.

लावताना फॅलेनॉप्सिस कुंडीच्या मध्यावर बसवावे. डेंड्रोबियमसारखे पुढे पुढे सरकणारे झाड असेल, तर त्याची जुनी बाजू काठाला टेकवावी आणि नवा कोंब मध्याकडे करावा, म्हणजे त्याला चालायला अंगण मिळते. बुंधा गाडू नये. बाहेर हवेत वाढलेली मुळे बळेच आत कोंबू नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बांबूची काडी रोवून झाड सुतळीने पक्के बांधावे. झाड डुगडुगले की नव्या मुळाची कोवळी टोके घासून मोडतात.

नानांचे झाड

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे नाना गेल्या वर्षी एका संध्याकाळी ऑर्किडची कुंडी घेऊन आमच्या दारात उभे राहिले. त्यांची पत्नी जाण्यापूर्वी दोन महिने पुष्पप्रदर्शनातून ते झाड घेऊन आली होती. पाने चुरगळलेल्या चामड्यासारखी झाली होती.

“वहिनी, सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालतो हो. तरी सुकतंच आहे.”

चूक त्यांची नव्हे; जो तो असाच विचार करतो. पाने सुकली म्हणजे झाडाला तहान लागली. तहान लागलीच होती, पण पाणी पिणारी मुळेच कुजली होती. पाने जितकी सुरकुततील तितके आपण पाणी घालतो, आणि जितके पाणी घालतो तितकी उरलीसुरली मुळे कुजतात. पुष्कळ ऑर्किड या फेऱ्यातच जातात. त्यात कुंडी चिनी मातीची, शोभेची. तळाला भोकच नव्हते.

मी कात्री घेतली तेव्हा नानांनी तोंड फिरवले. “सगळंच कापणार का हो?”

“नाना, यातलं जिवंत काही कापत नाही मी. तुम्हीच हात लावून बघा.”

त्यांनी खरोखरच एकेक मूळ चिमटीत धरून पाहिले. शेवटी तीन मुळे उरली, तीही करंगळीएवढी. एवढ्या मुळांवर झाड कुंडीत तगत नाही. म्हणून मूठभर शेवाळ भिजवून घट्ट पिळले, ते बुंध्याखाली ठेवले आणि पारदर्शक पिशवीत झाड ठेवून ती सैलशी बांधली. पिशवीतल्या दमट हवेमुळे पानांतले पाणी उडत नाही आणि झाडाला मुळे फुटेपर्यंत सवड मिळते. गाभ्यात पाणी साचू द्यायचे नाही, ऊन थेट लागू द्यायचे नाही आणि दोन दिवसांआड पिशवी उघडून वारा द्यायचा, एवढेच पथ्य सांगितले.

सातव्या आठवड्यात एका सकाळी, चहाच्याही आधी, दाराची कडी वाजली. बुंध्याशी हिरवे टोक आले होते. ते मूळ आहे की फुलांचा दांडा, हा नानांचा प्रश्न होता. टोक गोल आणि गुळगुळीत असेल तर मूळ. हातमोज्याच्या अंगठ्यासारखे चपटे असेल तर दांडा. हे मूळच होते. फुलांना अजून वर्ष-दीड वर्ष लागेल, असे मी बजावले. नाना म्हणाले, “मला कुठं घाई आहे?”

नव्या मुळांची निगा

कुंडी बदलल्यावर तीन-चार दिवस पाणी न घालता पानांवर सकाळी हलका फवारा मारावा. मग मुळांचा रंग पाहून पाणी. महिनाभर खत नको. नवी मुळे इंचभर झाली, की पुड्यावर लिहिलेल्या प्रमाणाच्या पाव प्रमाणात, आठवड्यातून एकदा. जोराचे खत कोवळी मुळे जाळते. पावसाळ्यात सततच्या धारेखाली झाड ठेवू नये, आणि डिसेंबरच्या कोरड्या वाऱ्यात मुळांभोवती ओलावा राहावा म्हणून कुंडीखाली पाणी घातलेल्या खड्यांची ताटली ठेवावी. कुंडीचा तळ मात्र पाण्याला टेकता कामा नये.

कधी फुलांच्या दांड्यावरच एक चिमुकले रोप फुटते. त्याला हवाईच्या भाषेत केइकी, म्हणजे लेकरू, म्हणतात. त्याची मुळे दोन-तीन इंच होईपर्यंत त्याला आईपासून तोडू नये.

आणखी एक विनंती. सहलीला गेलात तर फांदीवरची आमरी ओरबाडून आणू नका. १८५० साली जोसेफ हूकरने खासी टेकड्यांतून निळ्या वांडाची सात माणसांच्या डोक्यावरची ओझी इंग्लंडला धाडली. त्यांतली थोडीच जिवंत पोहोचली. आज तर असल्या लुटीची गरजही नाही. १९६० साली जॉर्ज मोरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने ऑर्किडच्या कोंबाच्या सूक्ष्म टोकापासून रोपे करण्याची वाट दाखवली, आणि आता ऊतिसंवर्धनाची रोपे वाटेल तेवढी मिळतात. रानातल्या झाडाची मुळे फांदीला घट्ट चिकटलेली असतात. ओढली की तुटतात, आणि घरी येते ते मरू घातलेले झाड.

तेव्हा यंदा घरी ऑर्किड आले, तर फुले डोळे भरून पाहा. फुले गळाल्यावर कुंडी टाकून मात्र देऊ नका. झाड उचलून त्याची मुळे पाहा, मेलेली काढा, जिवंत राखा आणि त्यांना वारा द्या. बाकीचे झाड आपले आपण करते.