चार डब्यांचा संसार

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडे केरसुणीला हळदकुंकू वाहतात. कोरी केरसुणी आणावयाची, पाटावर ठेवावयाची आणि लक्ष्मी म्हणून तिला नमस्कार करावयाचा, ही चाल किती पिढ्यांची आहे कोण जाणे! घरातली अवदसा ती बाहेर घालविते, म्हणून तिला हा मान. पण या केरसुणीने काढलेला केर पुढे जातो कोठे, हे मात्र पूजा करणाऱ्यांपैकी फारसे कोणी विचारीत नाही. उंबऱ्याबाहेर गेला की आपल्या लेखी तो संपला! दाराशी ठेवलेली बादली सकाळी रिकामी दिसली की आपण निर्धास्त.

तो संपत मात्र नाही. चार माणसांच्या घरात रोज दीड किलो केर निघतो असे धरा. वर्षाचा हिशेब होतो जवळजवळ साडेपाचशे किलो, म्हणजे अर्ध्या टनाहूनही अधिक! एवढे ओझे आपल्या एकट्या बिऱ्हाडातून बाहेर पडते. ते कोणीतरी उचलते, कोणीतरी वाहते, कोणीतरी निवडते आणि उरलेले कोठेतरी पुरते. आपल्या स्वयंपाकघरातील अर्ध्या मिनिटाच्या आळसाची किंमत हे 'कोणीतरी' आणि ते 'कोठेतरी' मोजत असतात.

बागेखालचा कचरा

हे सांगण्यासाठी नवी मुंबईसारखे दुसरे चांगले उदाहरण नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीच्या पूर्वेला हे आखीवरेखीव शहर वसू लागले. १ जानेवारी १९९२ पासून महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. शहर वयाने लहान. पण स्वच्छतेच्या परीक्षेत त्याने नाव काढले. देशाच्या स्वच्छ सर्वेक्षणात २०२०, २०२२ आणि २०२३ या वर्षांत मोठ्या शहरांमध्ये त्याचा क्रमांक तिसरा आला. २०२४-२५ मध्ये तर निवडक शहरांच्या 'सुपर स्वच्छ लीग' या वेगळ्या पंक्तीत त्याला पाट मिळाला. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे.

पण पहिल्या पंक्तीतल्या घरीसुद्धा खरकटे निघतेच. पूर्वी या शहराचा कचरा कोपरखैरण्याला टाकीत असत. ती जागा पुढे शास्त्रीय रीतीने बंद करण्यात आली आणि तेथे निसर्ग उद्यान उभे राहिले. मुले खेळतात, म्हातारी मंडळी फेऱ्या मारतात. त्यांच्या पायांखाली, मातीच्या थरांच्या आड, कोणाकोणाच्या घरच्या जुन्या दुधाच्या पिशव्या अजून निजलेल्या असतील. कोपरखैरणे भरले, मग पाळी आली तुर्भ्याची. तेथे ओल्या कचऱ्याचे खत होते, सुका कचरा निवडला जातो आणि ज्याचे काहीच करता येत नाही ते भरावात जाते. एक गाव भरले की दुसरे गाव शोधावयाचे, हा क्रम किती दिवस चालणार? खाडी आणि पारसिकचा डोंगर यांच्यामध्ये जागा ती उरली किती!

मुंबईने तर कचऱ्यासाठी एकेकाळी आगगाडी चालविली होती. कुर्ला ते चेंबूर हा लोहमार्ग १९०६ साली टाकण्यात आला तो शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी. उतारूंना तो खुला झाला १९२४ मध्ये. वाशी-नेरूळचे चाकरमाने रोज सकाळी हार्बरच्या ज्या गाडीला लोंबकळत जातात, तिच्या वाटेतला एक तुकडा हा असा कचऱ्याच्या पुण्याईने मिळालेला आहे! पुढे १९२७ पासून देवनारला कचरा पडू लागला. २०१६ च्या जानेवारीत तेथे आग लागली, दिवसचे दिवस धूर कोंदून राहिला आणि मुंबईतल्या काही शाळांना सुटी द्यावी लागली.

ही आग भडकते का, ते समजून घेण्यासारखे आहे. भाजीचे देठ, शिळा भात, फळांच्या साली हे सारे उघड्यावर, हवेत कुजले तर त्याची माती होते. तेच प्लास्टिकमध्ये बांधून ढिगाखाली गाडले की हवा मिळत नाही आणि मिथेन नावाचा वायू तयार होतो. हा वायू पेट घेतो. शिवाय त्या कुजण्यातून काळे, उग्र पाणी पाझरते, ते जमिनीत उतरते. म्हणजे दोष देठांचा नाही आणि एकट्या पिशवीचाही नाही. दोष आहे तो त्या दोघांची गाठ मारून देणाऱ्या हातांचा!

नियम तरी काय आहे?

कायदा म्हटला की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. वास्तविक हा कायदा एका ओळीचा आहे : ज्याने केर केला त्याने तो घरातच वेगळा करावा. देशात यासंबंधी नियम आले २००० साली. २०१६ च्या नियमांनी घरोघरी तीन भाग सांगितले : ओला, सुका आणि घरगुती घातक. २०२६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने नवे नियम प्रसिद्ध केले आणि १ एप्रिल २०२६ ही तारीख त्यांच्या अंमलासाठी ठरविली. त्यांनी भाग केले चार. तेव्हा गृहिणींनो, आणि त्यांचे यजमानहो, आता संसार चार डब्यांचा झाला!

पहिला डबा ओल्याचा, हिरवा : देठ, साली, उरलेले अन्न, चहाचा चोथा, अंड्यांची टरफले, मासळीचे काटे, देवाची फुले. दुसरा सुक्याचा, निळा : कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, पत्र्याचे डबे, बाटल्या, चिंध्या. तिसऱ्यात मुलांचे डायपर, सॅनिटरी पॅड, जखमेच्या पट्ट्या. आणि चौथा जपून हाताळावयाच्या वस्तूंचा : मुदत संपलेली औषधे, गेलेले दिवे, पाऱ्याचा फुटका थर्मामीटर, रंगाचे डबे.

स्वयंपाकघरात चार डबे ठेवावयास जागा कोठे आहे, असा प्रश्न येईल. तो खोटा नाही. पण रोज भरणारा डबा एकच, ओल्याचा. सुक्याला गॅलरीतली एक गोणी पुरे. ती आठवडाभर थांबली तरी वास येत नाही. चौथ्याला तर बुटांचे एक जुने खोके महिनोन्‌महिने पुरते.

आणि ही रीत काही परकी नाही. आपल्या आज्या हेच करीत होत्या. वर्तमानपत्रांची रद्दी निराळी, बाटल्या निराळ्या, जुन्या साड्यांवर बोहारणीकडून भांडी. भाजीचे देठ दारच्या गाईला आणि राख भांडी घासावयास. सारे एका पिशवीत कोंबून गाठ मारण्याची कला प्लास्टिकबरोबर आली.

तक्रारींचा पाढा

"आम्ही वेगळा करून देतो हो, पण खाली गेल्यावर सगळे एकच करतात!" ही तक्रार प्रत्येक जिन्यात ऐकू येते. ती ऐकून शेजारच्या वहिनीही मग वेगळे करणे सोडतात. पुष्कळदा ही सरमिसळ गाडीच्याही आधी होते. मजल्यामजल्यावरून बादल्या गोळा करणाऱ्याजवळ सोसायटीने एकच पिंप दिलेले असते. त्या बिचाऱ्याने दुसरे काय करावे? तेव्हा एक दिवस सकाळी खाली उतरून स्वतः पाहावे. पिंप एकच असेल तर दुसरे आणावयास लावावे. गाडीतच एकत्र होत असेल तर गाडीचा क्रमांक, तारीख व वेळ टिपून सोसायटीच्या चिटणिसांनी आपल्या विभाग कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी. बेलापूरपासून दिघ्यापर्यंत ही कार्यालये आहेत. तोंडी कुरकूर जिन्यातच विरते. कागदाला उत्तर मागता येते.

दुसरी अडचण वेळेची. नवराबायको दोघेही नोकरीला, सकाळची लोकल गाठावयाची, आणि केर नेणारा येतो त्यानंतर. बादली दाराबाहेर ठेवावी तर मांजर उलथून टाकते. येथे युक्ती एवढीच, की ओल्या कचऱ्यात पाणी जाऊ देऊ नये. खरकटे जाळीवर निथळून, मग वर्तमानपत्राचा कागद घातलेल्या झाकणाच्या डब्यात टाकावे. वास कचऱ्याला येतो त्यापेक्षा त्यातल्या पाण्याला अधिक येतो. मात्र डब्याला प्लास्टिकची पिशवी लावू नये; लावलीच तर रिकामी करून ती सुक्यात टाकावी.

तिसरी गोष्ट दुधाच्या पिशवीची. कोपरा कापताना तो पुरता तोडून वेगळा करू नका. ते नखाएवढे तुकडे कोणालाच वेचता येत नाहीत, ते मोरीतून गटारात जातात. पिशवी विसळून वाळविली की रद्दीवाला ती घेतो. बरबटलेली मात्र कोणी घेत नाही.

चौथी बोलण्यास अवघड, म्हणून मुद्दाम बोलावयाची. वापरलेले पॅड आणि डायपर उघडे टाकण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. पुढे निवडण्याच्या ठिकाणी ते कोणाच्या तरी हातात येतात, आणि ते हात बहुधा एखाद्या बाईचेच असतात. पुण्यात १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही कचरावेचकांची संघटना झाली. २००८ मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. या मंडळींनी सुशिक्षित शहराला जे शिकविले ते इतकेच : कागदात नीट गुंडाळून, ओळखू येईल असे द्या. जुन्या वर्तमानपत्राची पुडी आणि तीवर लाल पेन्सिलीचा ठिपका, याला खर्च काय येतो?

तीच गोष्ट काचेची. फुटलेला पेला, दाढीचे पाते, मधुमेहाच्या इंजेक्शनची सुई. आपल्या घरात काच फुटली तर आपण मुलांना खोलीत येऊ देत नाही, विजेरी लावून कपारी शोधतो. आणि मग ते सारे तुकडे केराच्या पिशवीत टाकून मोकळे होतो! पिशवी उचलणाऱ्याच्या घरीही मुले आहेत. काच जाड कागदात गुंडाळून वर 'काच' असे लिहावे. सुई झाकणाच्या टणक डब्यात टाकून तो चौथ्या डब्याबरोबर द्यावा.

सोसायटीचे कर्तव्य

दिवसाला शंभर किलोहून अधिक कचरा करणाऱ्याला नियमांनी मोठा कचरा-उत्पादक ठरविले आहे. हे वाचून आपल्या डोळ्यांपुढे हॉटेले आणि मंगल कार्यालये येतात. पण मघाचा हिशेब पुढे चालवा. दीड किलोने सत्तर बिऱ्हाडांचा केर झाला एकशे पाच किलो. म्हणजे आपली साधीसुधी सोसायटीदेखील या यादीत बसली! अशांनी ओल्या कचऱ्याची व्यवस्था होता होईल तो आपल्याच आवारात करावी, असा नियमांचा रोख आहे.

खताचा खड्डा म्हटले की तळमजल्यावरचे सभासद हात वर करतात : "घाण आमच्या खिडकीखाली नको!" त्यांची भीती अनाठायी नाही, कारण वाईट रीतीने केलेले खत नाकाला कळतेच. पण वास सुटला याचा अर्थ पाणी जास्त आणि हवा कमी, एवढाच असतो. प्रत्येक ओल्या थरावर दुप्पट वाळका पाला पसरावा, आठवड्यातून दोनदा खालीवर करावे. दीडदोन महिन्यांत काळीभोर माती हाती येते. आणि आवारातला पाला जाळण्यास नियमांनी मनाई केलेलीच आहे. तो येथे कामी येतो. ज्यांच्या खिडकीखाली खड्डा, त्यांच्या कुंड्यांना पहिले खत, एवढा शिष्टाचार पाळला की विरोधही मावळतो.

दिवाळीचे विशेष

सणात केर वाढतो आणि त्याच्या तऱ्हाही वाढतात. चकल्या तळून उरलेले तेल मोरीत ओतू नये. ते नळात थिजते आणि तुंबलेले पाणी खालच्या बिऱ्हाडात वर येते. गार झाल्यावर बाटलीत भरून ठेवावे. मिठाईच्या पुठ्ठ्याला तूप लागले असेल तर तेवढा भाग फाडून ओल्यात आणि बाकीचा सुक्यात टाकावा. विझलेल्या फुलबाजीची तार गार होऊ द्यावी, मगच उचलावी. मातीच्या पणत्या धुऊन पुढच्या वर्षासाठी ठेवता येतात.

आणि सणाआधीच्या रंगसफेदीत न्हाणीघराच्या लाद्या काढल्या, तर तो राडारोडा मजुराच्या हवाली करून "कोठेही टाक बाबा" असे म्हणू नये. ते 'कोठेही' म्हणजे बहुधा खाडीकाठची तिवरे असतात. टेम्पो कोठे जाणार, हे विचारून मगच पैसे द्यावे.

हे सारे घरातल्या एकट्या बाईने करावयाचे, अशी ज्या घरांची समजूत आहे तेथे डबे चार असोत की चाळीस, काही चालणार नाही. चहाचा चोथा कोणत्या डब्यात जातो हे कर्त्या पुरुषाला ठाऊक असले पाहिजे आणि चॉकलेटचा कागद कोणत्या, हे नातवाला. दिवाळीनंतर सोसायटीची सभा भरेल तेव्हा पाण्याच्या टाकीच्या आणि गाड्यांच्या जागेच्या विषयांबरोबर दुसऱ्या पिंपाचाही विषय पत्रिकेवर घाला. आणि रोज दारात येऊन केर नेणाऱ्या त्या माणसाला किंवा बाईला फराळाचे ताट द्याल तेव्हा एक प्रश्नही विचारा : "आमच्या बादलीत हाताला काही लागते का हो?" जे उत्तर येईल त्याप्रमाणे दुसऱ्या दिवसापासून वागले, तरी नियमांतले पुष्कळसे पाळले जाईल.