संदर्भसूची कोणासाठी लिहायची?

वैज्ञानिक लेख कसा लिहावा, या विषयावरचा व्हॅन डेर गीर, हॅनराड्स आणि लप्टन या तिघांचा २००० सालचा एक लेख जवळपास चारशे शोधनिबंधांच्या संदर्भसूचीत सापडतो. नियतकालिक, खंड, पृष्ठे, सगळे जागच्या जागी. अडचण एवढीच, की हा लेख कधी लिहिलाच गेला नाही. संदर्भ कसा मांडायचा हे लेखकांना दाखवण्यासाठी एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेच्या सूचनांमध्ये तो नमुना म्हणून दिलेला होता. लायडन विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक पीटर क्रोनेनबर्ग यांना त्याची शंका आली आणि संशोधिका अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी २०१७ साली हा सगळा प्रकार उजेडात आणला. यातले बहुतेक निबंध परिषदांसाठी लिहिलेले होते. नमुन्याच्या फाइलमध्ये आपला मजकूर भरताना तेवढी ओळ पुसायची राहिली, असे दिसते. मांडणीच्या दृष्टीने या नोंदीत खोट काढायला जागा नाही. ती थेट नियमावलीतूनच आलेली, त्यामुळे कित्येक सूच्यांत तीच सगळ्यांत निर्दोष नोंद असणार!

आपल्याकडे संदर्भलेखन म्हणून बहुधा शिकवले जाते ते या निर्दोषपणापुरतेच. आडनावापुढे स्वल्पविराम की पूर्णविराम, वर्ष कंसात की शेवटी, ग्रंथनाम तिरपे की अधोरेखित, यावर तास खर्ची पडतात. ज्या पद्धतींच्या नावाने हा धाक घातला जातो, त्या मुळात संपादकांनी आपल्या सोयीसाठी केलेल्या व्यवस्था आहेत. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या एपीए पद्धतीची सुरुवात १९२९ साली एका मानसशास्त्रीय नियतकालिकात छापलेल्या सात पानांच्या सूचनांतून झाली. वैद्यकातली व्हँकुव्हर पद्धत १९७८ साली त्या शहरात जमलेल्या मोजक्या संपादकांनी ठरवली. हस्तलिखिते एका साच्यात यावीत, एवढाच त्यांचा हेतू होता. संदर्भ देण्यामागचे कारण मात्र याहून जुने आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच विचारवंत पिअर बेलने आपला चिकित्सक कोश टीपांनी भरून टाकला, तो वाचकाला प्रत्येक विधानाचा आधार तपासता यावा म्हणून. माझे म्हणणे असे, की संदर्भ चांगला की वाईट हे याच कसोटीवर ठरावे: अनोळखी वाचक त्या नोंदीच्या आधाराने मूळ मजकुरापर्यंत पोहोचतो का, आणि तिथे लेखक म्हणतो तेच लिहिलेले असते का.

यातल्या दुसऱ्या अटीकडे फार दुर्लक्ष होते. सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोन अभ्यासकांनी २००३ साली एका गाजलेल्या शोधनिबंधाचे सुमारे ४३०० उल्लेख तपासले. त्यांपैकी १९६ मध्ये खंड, वर्ष किंवा पृष्ठ चुकले होते, पण वेगवेगळ्या चुका भरल्या फक्त ४५. पृष्ठक्रमांकाची एकच चूक ७८ जणांनी जशीच्या तशी केली होती. इतक्या जणांच्या हातून स्वतंत्रपणे तीच चूक होणे अशक्य, म्हणजे नोंदी दुसऱ्याच्या सूचीतून उतरवल्या गेल्या. या गणितावरून त्यांनी असा अंदाज बांधला, की संदर्भ देणाऱ्यांपैकी फार तर पाचव्या हिश्शाने मूळ लेख वाचला असावा. हा अंदाज आहे, आणि नोंद उतरवून घेणाऱ्याने लेख वाचलाच नसेल असे छातीठोक म्हणता येत नाही. पण न वाचता दिलेल्या संदर्भाने काय होऊ शकते, हे वैद्यकाने पाहिले आहे. अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात १९८० साली पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य वेदनाशामके दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी अवघ्या चौघांत व्यसनाची नोंद सापडली, असे त्यात म्हटले होते. २०१७ साली त्याचे ६०८ उल्लेख तपासले गेले, तेव्हा ऐंशी टक्क्यांहून अधिक लेखकांनी हे रुग्ण रुग्णालयात होते ही गोष्ट गाळलेली आढळली. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांनाही धोका नाही, या समजुतीला या पत्राचा आधार मिळाला. सूच्यांतले त्याचे खंड आणि पृष्ठ बरोबरच असणार.

यावर कोणी म्हणेल, म्हणून शिस्त सोडायची का? नाही. एकाच सूचीत चार तऱ्हा असल्या की वाचक अडखळतो आणि यंत्रालाही नोंद ओळखता येत नाही. पण विरामचिन्हांचे काम आता झोटेरोसारखी मोफत आज्ञावली करते. पद्धत बदलायची तर एका क्लिकवर सगळी सूची बदलते. तिला जमत नाही ते पुस्तक उघडून पाहणे. कृत्रिम बुद्धिमत्तेने तर उत्तम मांडणीचे, पण अस्तित्वातच नसलेले संदर्भ रचणे सोपे करून ठेवले आहे. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात अशा बनावट निवाड्यांचे दाखले देणाऱ्या वकिलांना ५००० डॉलर दंड भरावा लागला. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी वाङ्मयचौर्याला टक्केवारी लावली. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य माफ, त्यापुढे पायरीपायरीने कारवाई. पण हे साम्य मोजताना संदर्भसूची वगळली जाते. ते योग्यच आहे, ग्रंथांची नावे सारखी असायचीच. परिणाम मात्र असा, की प्रबंधाचा जो भाग सर्वांत सहज खोटा करता येतो त्याकडे साम्य मोजणारे यंत्र ढुंकूनही पाहत नाही.

मराठीत लिहिणाऱ्याची अडचण आणखी वेगळी. इंग्रजी नियमावल्या आडनाव, वर्ष आणि पृष्ठ एवढे गृहीत धरतात. गडकऱ्यांची नाटके राम गणेश गडकरी या नावावर, कविता गोविंदाग्रज या नावावर आणि विनोदी लेख बाळकराम या नावावर. बाळूताई खरे, विभावरी शिरूरकर आणि मालतीबाई बेडेकर ही एकाच लेखिकेची नावे. ग्रंथावर छापलेले नाव द्यावे आणि दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद जोडावी, एवढ्याने काम भागते. वर्षाचे प्रकरण अधिक नाजूक आहे. शके वर्ष चैत्रात सुरू होते, म्हणून शके १८२० म्हणजे १८९८ही आणि १८९९ही. सरसकट ७८ मिळवणारा फसतो. जेधे शकावलीत शिवजन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ असा नोंदलेला आहे. ७८ मिळवले तर १६२९ येते, प्रत्यक्षात ती तारीख १९ फेब्रुवारी १६३०. म्हणून मूळ शक आधी, इसवी सन नंतर. पृष्ठांचेही तसेच. ज्ञानेश्वरीला अध्याय आणि ओवीचा क्रमांक पुरतो, प्रतींप्रमाणे थोडाच फरक पडतो. तुकोबांच्या अभंगांचे क्रमांक मात्र गाथेगणिक बदलतात. कोणती गाथा ते न सांगता दिलेला अभंगक्रमांक वाचकाच्या काही कामाचा नाही. प्रकाशनाचे गाव लिहिणे एपीएने आता सोडले आहे, भाषा-साहित्याच्या अभ्यासातल्या एमएलए पद्धतीनेही, पण १९०० पूर्वीच्या ग्रंथांसाठी एमएलए ते ठेवते. जुन्या मराठी पुस्तकांसाठी आपणही ठेवावे.

मराठीची वेगळी रीत केली तर जग आपल्याला वाचणार नाही, अशी एक भीती असते. इंग्रजी नियतकालिकात लिहिताना त्याचीच रीत पाळावी, यात वाद नाही. पण साधनाप्रमाणे रीत घडवण्याने काही अडत नाही, हे पुण्यानेच दाखवले आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ ते १९६६ चालले. कोणत्या पोथीत कोणता पाठ आहे हे पानाच्या तळाशी सांगण्यासाठी पोथ्यांना लिपीनुसार खुणांची अक्षरे दिली गेली. हे कुठल्या परकीय नियमावलीत बसते का, असे कोणी विचारले नाही, आणि जगभरचे अभ्यासक त्या तळटीपा वापरतात.

तेव्हा मराठी विभागांनी एकत्र बसून टोपणनाव, शक, गाथा-पोथी, संपादक-अनुवादक एवढ्यांपुरती दहा-बारा पानांची रीत ठरवावी आणि बाकीचे स्वल्पविराम आज्ञावलीवर सोडून द्यावेत. मौखिक परीक्षेत परीक्षकांनी सूचीतल्या कोणत्याही पाच नोंदी निवडाव्यात आणि ती पाने उमेदवाराला उघडून दाखवायला सांगावीत.