रामानुजन यांचे दोन अर्ज

एचआरमध्ये आम्ही आधी बायोडेटा वाचतो, असा बाहेरच्यांचा समज असतो. मी कव्हर लेटर आधी उघडते. माणसानं काय काय केलं ते बायोडेटात असतं. तो आमच्याकडेच का येतोय, हे फक्त पत्रात कळतं. बहुतेक पत्रं मात्र 'आपल्या नामांकित संस्थेत' अशी सुरू होतात आणि पुढे कधी कधी दुसऱ्याच कंपनीचं नाव राहून गेलेलं असतं. त्या मुलानं एका रात्रीत कितीतरी ठिकाणी तोच मजकूर धाडलाय, हे आम्हाला समजतं. वाईटही वाटतं. पण पत्र बाजूलाच जातं.

'मॅडम, मध्ये गॅप आहे, ती लिहू का?' हा प्रश्न तर हमखास येतो. विचारणाऱ्याला मी श्रीनिवास रामानुजन यांचा अर्ज सांगते. केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना लिहिलेला नव्हे; त्याच्या वर्षभर आधीचा, कारकुनीसाठी केलेला.

१९१२ चा फेब्रुवारी. रामानुजन चोवीस वर्षांचे, लग्न झालेलं, पदवी नाही. गणितापायी बाकीच्या विषयांकडे दुर्लक्ष झालं, शिष्यवृत्ती गेली आणि एफ.ए., म्हणजे पदवीच्या आधीची कॉलेजची परीक्षा, काही पदरात पडली नाही. अकाउंटंट जनरलच्या कचेरीतली वीस रुपये पगाराची तात्पुरती नोकरीही काही आठवड्यांचीच होती. ९ तारखेला त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या मुख्य हिशेबनिसांना अर्ज लिहिला. आशय इतकाच: आपल्याकडे कारकुनाची जागा रिकामी असल्याचं कळलं. मी मॅट्रिक आहे, एफ.ए.पर्यंत शिकलो, प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढे शिकता आलं नाही. त्यानंतर सगळा वेळ गणिताला दिला आहे. जागा मिळाली तर काम चोख करीन, याची खात्री आहे.

सगळं अपयश अर्ध्या वाक्यात आटोपलंय. लपवाछपवी नाही, रडगाणंही नाही. आणि लगेच पुढे, त्या रिकाम्या काळात काय केलं ते. आमच्या टेबलावर 'गॅप' कधीच अडत नाही. तिच्याबद्दल अवाक्षर नसलं की मात्र आम्ही नको ते तर्क करत बसतो.

अर्जाला प्रेसिडेन्सी कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचं शिफारसपत्र जोडलेलं होतं. नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनीही शब्द टाकला होता. ओळखीचा भाग होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण शिफारस करणाऱ्यांनी रामानुजन यांचं गणित आधी डोळ्यांखालून घातलं होतं. १ मार्चला ते तीस रुपयांवर कामाला लागले.

आमच्याकडे टूलरूमच्या जागेसाठी आयटीआय झालेल्या एका मुलाचं पत्र आलं होतं. वडिलांच्या आजारपणात वर्षभर घरी होतो, असं एक वाक्य. त्या काळात गावातल्या वर्कशॉपमध्ये ड्रिलिंगसाठी एक फिक्स्चर बनवलं, असं दुसरं. खाली त्या फिक्स्चरचा फोटो आणि हातानं काढलेलं ड्रॉइंग, मापांसकट. टूलरूमच्या साहेबांनी बायोडेटाचं पान उलटलंसुद्धा नाही. ड्रॉइंगवर बोट ठेवून म्हणाले, 'हे क्लॅम्पिंग त्यानं असं का केलं, ते विचारायचंय. बोलवा त्याला.' असा निरोप आला की माझा दिवस सार्थकी लागतो.

रामानुजन यांनी १६ जानेवारी १९१३ ला हार्डींना लिहिलं, तेही याच वळणानं. पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात कारकून आहे, पगार वर्षाला अवघे वीस पौंड, विद्यापीठाचं शिक्षण नाही, फावल्या वेळात गणित करतो. एवढं सांगून झालं की पुढे पानंच्या पानं नुसती प्रमेयं, जवळपास १२०. केंब्रिजचेच गणितज्ञ बेकर आणि हॉब्सन यांच्याकडून आधी निराशाच पदरी पडली होती. हार्डींनाही सुरुवातीला हा लबाडीचा प्रकार वाटला. मग आपले सहकारी गणितज्ञ लिटलवूड यांना सोबत घेऊन ते त्या पानांवर बसले. त्यातली काही सूत्रं त्यांनी आजवर कुठेच पाहिली नव्हती, आणि अशी सूत्रं लबाडाला रचता येणार नाहीत, अशी त्यांची खात्री पटली. ८ फेब्रुवारीला हार्डींनी उत्तर लिहिलं. पदवीची चौकशी त्यांनी केली नाही. सिद्धता मागितल्या, आणि त्याही लवकरात लवकर.