गाणारी वाटी

काठमांडूच्या बाजारात हातोडीने ठोकून घडवलेल्या काशाच्या 'गाणाऱ्या' वाट्या मिळतात. कासे म्हणजे तांबे व कथील यांचे मिश्रण.

वाटी सपाट तळहातावर ठेवावी. बोटांनी कडा धरली तर नाद दबतो. लाकडी दांड्याने बाहेरून हलका ठोका द्यावा. मग दांडा कडेला टेकवून, दाब सारखा ठेवत सावकाश गोल फिरवावा. घर्षणाने कंपने वाढत जातात आणि वाटी गाऊ लागते. घाई केली, की ती खडखडते.

ध्यानासाठी एकच ठोका पुरे. ताठ बसून, डोळे मिटून नाद पूर्ण विरेपर्यंत ऐकावा. मन भटकले, तर रागावू नये. पुन्हा ठोका द्यावा. दिवसभर हुकमाबरोबर धावणाऱ्या कॅडेटने झोपण्यापूर्वी पाच मिनिटे हे करून पाहावे.